डाळभाजीतलं शेत

विदर्भातल्या लग्नाच्या पंगतीत बसलात तर दोन पदार्थ हमखास वाढले जातात: वांग्याची भाजी आणि डाळभाजी. पुण्यातले माझे मित्र हिला ‘डाळ-पालक’ म्हणतात आणि तिथेच आमचं भांडण सुरू होतं. पालक असतो हो, पण डाळभाजीचा जीव आंबट चुक्यात आहे.

करायला सोपी. तूरडाळ, मूठभर हरभऱ्याची डाळ आणि भिजवलेले शेंगदाणे आधी शिजवून घ्यायचे. चुका सुरुवातीलाच टाकला तर आंबटपणामुळे डाळ लवकर मऊ होत नाही, म्हणून पालेभाजी नंतर. मग अलगद घोटायचं (दाणे अख्खे राहिले पाहिजेत) आणि वरून लसूण, सुक्या लाल मिरच्यांची सढळ फोडणी.

या भाजीला सगळे ‘पारंपरिक’ म्हणतात. कोणत्या काळची परंपरा? अमरावती जिल्ह्यात तुळजापूर गढी नावाचं ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. तिथल्या उत्खननात तुरीचे जळके दाणे मिळाले, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे तूर इथली, अगदी मुरलेली. मिरची आणि शेंगदाणा मात्र अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज जहाजं या किनाऱ्याला लागल्यानंतरच ते इकडे आले. चुका नसेल तेव्हा आम्ही अंबाडी टाकतो, ती मूळची आफ्रिकेची. आज आपण खातो ती डाळभाजी शिवाजी महाराजांच्या काळातल्या वऱ्हाडात कुणी खाल्ली असेल, याबद्दल मला शंकाच आहे.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी इकडे नजर वळवली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा टाकला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कापसाला एवढा मान! गायरानं, पडीक जमिनी पराटीखाली गेल्या. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच श्रीमंत कापसाचा मुलुख होरपळला. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरचं १९९७ चं पुस्तक हीच जोडी उलगडतं.

या सगळ्यात डाळ टिकली, कारण तुरीने कपाशीशी जुळवून घेतलं. कपाशीच्या काही ओळी, मग तुरीचं एक तास. तुरीची मुळं खोल जातात, जमिनीत नत्र धरतात, आणि पराटी हातची गेली तरी घरात डाळ येते. धुऱ्यावर अंबाडी: पाला भाजीला, वाख दोराला.

आणि ओळींच्या मधे उगवायचं ते बायांचं. माझी आजी यवतमाळकडे दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जायची. मजुरी मालक ठरवायचा, पण निंदताना निघालेला घोळ, कोवळा तरोटा, हिवाळ्यात पाथरी ओट्यात बांधून आणायला कुणाला विचारावं लागत नसे. घरी मूठभर डाळ आणि ओटाभर पाला, असंच प्रमाण. लग्नातल्या डाळभाजीत डाळ जास्त असते, रोजच्या भाजीत पाला जास्त असायचा. पातेल्यात डोकावलं की घरची परिस्थिती कळायची.

आता तणनाशक मारतात. शेतमालकाला दोष देणं मला जमत नाही. निंदणाला माणसं मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण जे तण म्हणून मरतं त्यात कुणाची तरी भाजी होती, हा हिशेब कुठल्याच लागवड-खर्चात धरलेला मी पाहिला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर माझी आई धुऱ्यावरचीसुद्धा भाजी तोडत नाही. चुका बाजारातून जुडीने आणते, तीनदा धुते. पाथरी कशी दिसते हे माझ्या धाकट्या बहिणीला मी मोबाइलवर फोटो काढून दाखवलं, तेही रेल्वे रुळाच्या कडेला उगवलेली.