अडकित्ता म्हणजे काय, काकू?

मंडळी, गेली काही वर्षं मी इथे न्यू जर्सीत दर रविवारी मराठी शिकवते. एका बेसमेंटमध्ये भरणारा आमचा वर्ग, मुलं दहा-बारा. एकदा सात वर्षांच्या एका मुलाने ‘अडकित्ता’ हा शब्द जोडाक्षरासकट खणखणीत वाचला. मी शाबासकी दिली. लगेच त्याने विचारलं, "काकू, अडकित्ता म्हणजे काय?" वर्गात एकालाही ठाऊक नव्हतं! अक्षरं सगळ्यांना येत होती, वस्तू मात्र कुणीच पाहिलेली नव्हती.

हेच दुखणं साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका शिक्षकाला सलत होतं. त्याचं नाव यान आमोस कोमेन्स्की, जगाला माहीत असलेलं नाव कोमेनियस. जन्म १५९२ चा, मोरावियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. तो प्रोटेस्टंट धर्मगुरू होता. छळामुळे १६२८ मध्ये त्याला देश सोडावा लागला, तो कायमचाच.

त्या काळी मुलं लॅटिनचे नियम अर्थ न कळता घोकत असत. कोमेनियसचं म्हणणं साधं होतं: शब्द आणि वस्तू एकत्रच शिकवा. वस्तू वर्गात आणता येत नसेल तर तिचं चित्र आणा. हंगेरीत शिकवत असताना त्याने तसं पुस्तक तयार केलं आणि १६५८ मध्ये ते न्यूरेंबर्गला छापून निघालं. नाव ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’, म्हणजे इंद्रियांना जाणवणारं जग, चित्रांतून. त्यात दीडशे धडे, लॅटिन आणि जर्मन शेजारी-शेजारी. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती आली.

सुरुवातीला कावळा ‘आ आ’ ओरडतो, कोकरू ‘बेऽ’ करतं आणि त्या आवाजासमोर अक्षर येतं. पुढच्या प्रत्येक धड्यात वर लाकडी ठशाचं चित्र आणि खाली छोटी वाक्यं. खरी युक्ती आहे ती आकड्यांची! चित्रातल्या वस्तूवर जो आकडा, तोच खाली तिच्या शब्दाशेजारी. मूल शब्दावरून चित्राकडे जातं आणि परत येतं. आत्म्याचं चित्र कसं काढणार? तर त्याने ठिपक्यांनी माणसाची नुसती बाह्यरेषा काढली.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अॅलन पायव्हियो यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की मन शब्द आणि प्रतिमा दोन वेगळ्या वाटांनी साठवतं. दोन्ही वाटा असल्या की आठवण पक्की होते. पुढे अमेरिकेत रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत दिसलं, की शब्द चित्राच्या अगदी जवळ हवा आणि उगाच केलेली सजावट शिकण्याच्या आड येते. कोमेनियसचे आकडे शब्दाला चित्राशी जोडतात ते याचसाठी.

पण मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. पुस्तक निघण्याच्या दोन वर्षं आधी, १६५६ मध्ये, पोलंडमधलं लेश्नो हे गाव युद्धात जळालं. त्यात कोमेनियसचं घर गेलं आणि चाळीसहून अधिक वर्षं खपून केलेला चेक भाषेचा शब्दकोशही गेला. तो १६७० मध्ये अॅम्स्टरडॅमला वारला. त्याच्या चित्रांखाली चेक शब्द छापलेली आवृत्ती निघाली १६८५ मध्ये. ती बघायला तो नव्हता.

आपण काही हाकलले गेलो नाही, आपल्या खुशीने विमानात बसून आलो. आपला शब्दकोश जळणार नाही. पण वस्तू दिसेनाशा झाल्या की शब्द आपोआप विझतात.

पुढच्या रविवारी मी आजीच्या स्वयंपाकघराचं मोठं चित्र काढून नेलं. १ पाटा, २ वरवंटा, ३ विळी, ४ रवी, ५ अडकित्ता. खाली नावं, त्याच आकड्यांनी. चित्रकला माझी बेताचीच. विळी बदकासारखी दिसत होती! मुलं पोट धरून हसली, पण महिन्याभराने विचारलं तेव्हा पाचही शब्द त्यांना आठवत होते.

या दिवाळीत फराळ करताना एवढं करून बघा. सोऱ्या, झारा, पोळपाट यांचं चित्र मुलांकडूनच काढून घ्या, आकडे घाला आणि फ्रीजवर लावा. शुभ दीपावली!