गाणारी मालकीण

आमच्या नांदेडकडच्या माणसाला फडाची मालकीण म्हणजे काही नवल नाही. माळेगावला खंडोबाच्या जत्रेत तमाशाचे तंबू लागायचे, तेव्हापासून ऐकत आलोय की रात्री बोर्डावर उभी राहणारी बाईच कधी कधी हिशेबाची वहीही सांभाळते. विठाबाई नारायणगावकरांनी स्वतःचा फड असाच चालवला.

तर मंडळी, लंडनमध्येही हे होतं, तेही अठराव्या शतकात! रेजिना मिंगोत्ती ही ऑपेराची नावाजलेली गायिका. तिने जार्दिनी नावाच्या व्हायोलिनवादकाला भागीदार घेऊन १७५६-५७ मध्ये किंग्ज थिएटर चालवायला घेतलं. आतबट्ट्याचा व्यवहार झाला. तरी १७६३ मध्ये बाई पुन्हा त्याच खुर्चीत! हौस म्हणतात ती ही.

आपल्याकडचा ऑपेरा म्हणजे संगीत नाटक. तिथे मला आठवतात हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५, मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेब आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. १९२९ साली त्यांनी 'नूतन संगीत विद्यालया'ची नाट्यशाखा काढली. भाऊ सुरेशबाबू, बहिणी कमलाबाई आणि सरस्वती, सगळं घरच कामाला लागलं. बालगंधर्वांची सुभद्रा लोकांच्या डोळ्यांत बसलेली असताना इथे 'सौभद्र'मध्ये सुभद्रा खुद्द हिराबाई! स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करायची, हे त्या वेळी साधं नव्हतं.

पण नाटक कंपनी म्हणजे पांढरा हत्ती. प्रयोग होवो न होवो, पगार, पडदे, बिऱ्हाडाचा खर्च चालूच. त्यात मालकीणच मुख्य गायिका. तिचा घसा बसला की गल्ला बंद. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच सर्व्हर, बॅकअप नाही. वर १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, पुढच्या वर्षी मराठी बोलपट. थोड्याच वर्षांत कंपनी बुडाली, मागे राहिलं भलंमोठं कर्ज.

इथे मला या बाईंचं फार कौतुक वाटतं. चरित्रात हा भाग 'काही काळ नाटकांतही कामं केली' एवढ्यावर उरकतात, ते पटत नाही. बायकांनी तिकीट लावून जाहीर जलसा करायचा, ही वाट ज्या मोजक्या जणींनी पाडली त्यांत हिराबाई होत्या. कंपनीचं देणंही त्यांनी त्याच वाटेने फेडलं. गावोगाव मैफली करून.