यादी कुणाच्या हाती पडेल?

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची घाई चालली होती. माझ्या वर्गातल्या मुलांची माहिती मी एका तक्त्यात भरली. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, पत्ता, मोबाईल, आधार क्रमांक, बँक खाते. काही रकाने रिकामे राहिले होते. एकेका पालकाला फोन करत बसण्यापेक्षा मी तक्त्याचा फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "ज्यांची माहिती अपूर्ण आहे त्यांनी उद्यापर्यंत कळवावे."

रात्री दहाच्या सुमारास एका मुलीच्या आईचा फोन आला. आवाज कापत होता.

"सर, वो लिस्ट निकालो. अभी के अभी निकालो."

मला वाटले, आधार क्रमांकाची काळजी असेल. मी म्हणालो, "बाजी, घाबरू नका, आपल्याच वर्गाचा ग्रुप आहे."

"उसी में मेरे ससुराल का आदमी है, सर. मैंने पता सिर्फ स्कूल को दिया था."

दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून मुलीसह भावाकडे राहायला आली होती. का सोडले ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. मी यादी लगेच पुसली. पण तोपर्यंत बऱ्याच जणांनी ती पाहिली होती, आणि ज्याने पाहायला नको होती त्यानेही पाहिली होती. चौथ्या दिवशी तिच्या भावाच्या दारात सासरची माणसे येऊन उभी राहिली. सुदैवाने शेजारी जमले, मारहाण झाली नाही. पण ती मुलगी पुढे पंधरा दिवस शाळेत आली नाही. (त्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी इथे बदलले आहेत. ही अक्कल मला जूनमध्ये असती तर बरे झाले असते.)

माझा हेतू वाईट नव्हता. उलट मुलांना पैसे वेळेवर मिळावेत म्हणूनच मी धडपडत होतो. आणि नेमकी हीच गोष्ट मला गेले काही महिने सतावते आहे. चांगल्या हेतूने केलेली यादी माणसाच्या जिवावर कशी उठते? या प्रश्नाचा पाठलाग करताना मी इतिहासात मागे गेलो आणि अॅमस्टरडॅम शहरापाशी येऊन थांबलो.

अॅन फ्रँकची डायरी आपल्यापैकी अनेकांनी मराठीतून वाचली असेल. मी दरवर्षी वर्गात तिच्याविषयी बोलतो. ५ जुलै १९४२ रोजी तिची मोठी बहीण मार्गो हिच्या नावाने जर्मनीत कामाला हजर होण्याचा हुकूम आला आणि दुसऱ्याच दिवशी ते कुटुंब लपून राहायला गेले. मुले विचारतात, "सर, ती ज्यू आहे, तिचे वय इतके आहे, ती इथे राहते, हे त्यांना कसे कळले?" इतकी वर्षे मी "हेर असतील" असे काहीतरी उत्तर देत असे. ते उत्तर चुकीचे होते. हेरांची गरजच नव्हती. सगळे कपाटात लिहिलेले होते.

नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदवही ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून होती. युद्धापूर्वीच्या काही वर्षांत त्या वह्यांच्या जागी कार्डे आली. प्रत्येक माणसाचे एक कार्ड. त्यावर नाव, जन्म, पत्ता, व्यवसाय आणि धर्म. माणूस गाव बदलला की कार्डही नव्या गावच्या कचेरीत जाई. ही व्यवस्था कुणा हुकूमशहाने उभारलेली नव्हती. लोकशाही सरकारने, कारभार नीट चालावा म्हणून ती केली होती. धर्माचा रकाना होता, पण त्यात कुणाला भीती वाटण्यासारखे काही नव्हते. आपल्या शाळेतल्या जनरल रजिस्टरमध्ये धर्म आणि जात लिहिताना आपला हात तरी कुठे थांबतो?

या नोंदींच्या खात्याचा प्रमुख होता याकोब लेंट्स. काम अचूक व्हावे याचे त्याला वेड होते. त्याला प्रत्येक नागरिकासाठी ओळखपत्र हवे होते. युद्धापूर्वी डच सरकारने ते नाकारले, कारण अशा ओळखपत्राने प्रत्येक नागरिकाकडे संशयित म्हणून पाहिल्यासारखे होते. मे १९४० मध्ये जर्मनीने देश जिंकला आणि लेंट्सला हवी ती परवानगी मिळाली. त्याने तयार केलेले ओळखपत्र इतके पक्के होते की त्याची नक्कल करणे महाकठीण. फोटो, बोटाचा ठसा, खास कागद. ज्यू माणसाच्या ओळखपत्रावर 'जे' हे अक्षर.

जानेवारी १९४१ मध्ये सर्व ज्यूंनी नाव नोंदवावे असा हुकूम निघाला. जवळजवळ सगळ्यांनी नोंदवले. कायद्याने वागणारी माणसे होती ती, आणि नाव आधीच सरकारदरबारी असताना लपवायचे तरी काय? त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने शहराचा एक नकाशा तयार करून दिला. त्यावर काळे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. कुठल्या मोहल्ल्यात किती, हे एका नजरेत दिसावे अशी सोय. तो नकाशा कारकुनांनी आपल्या टेबलावर बसून, मोजून मापून केला.

जुलै १९४२ पासून छळछावण्यांकडे आगगाड्या सुटू लागल्या. नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. शेकडा ७५ च्या आसपास. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. फ्रान्समध्ये ते २५ टक्क्यांच्या जवळपास होते. फ्रान्सच्या जनगणनेत १८७२ नंतर धर्म विचारलाच जात नव्हता. हे एकच कारण नव्हे. फ्रान्स मोठा देश, डोंगर-जंगलांचा, त्याचा काही भाग आधी जर्मनांच्या थेट ताब्यात नव्हता, नेदरलँड्समधली राजवट जास्त कडक होती, हे सगळे इतिहासकार सांगतात. पण तयार यादीने शोधणाऱ्यांचे काम सोपे केले, याविषयी दुमत नाही.

डच लोकांनाही हे उमगले, पण उशिरा. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही माणसे पोलिसांच्या वेशात अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरली. चित्रकार आणि लेखक विलेम आरोंडेउस आणि शिल्पकार खेरित फान देर फेन हे त्यांचे पुढारी. त्यांनी पहारेकऱ्यांना मारले नाही. झोपेचे इंजेक्शन दिले आणि शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत नेऊन ठेवले. मग कार्डांचे खण उपसून जमिनीवर ढीग केला आणि इमारत पेटवून दिली. अग्निशमन दलातले लोक मुद्दाम सावकाश आले आणि त्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी मारले. आगीतून वाचलेला कागद भिजून निकामी व्हावा म्हणून. इतके करूनही सुमारे १५ टक्केच नोंदी नष्ट झाल्या. घट्ट बांधलेला कागद सहजी जळत नाही. १ जुलै १९४३ रोजी आरोंडेउससह बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

शिवाय ओळखपत्रांच्या प्रती हेग शहरातल्या एका इमारतीत होत्याच. डच भूमिगतांच्या विनंतीवरून ११ एप्रिल १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी त्या इमारतीवर बॉम्ब टाकले. त्यात साठेक माणसे मेली, बहुतेक तिथले कर्मचारी. आपल्याच देशाची यादी नष्ट करण्यासाठी आपल्याच माणसांवर बॉम्ब टाकायला सांगावे लागले. यादी करायला दोन-तीन वर्षे पुरली, पुसायला इतके प्राण देऊनही ती पूर्ण पुसली गेली नाही. माझ्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोचे याहून वेगळे काय झाले?

हे सगळे युरोपात घडले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणायची सोय नाही. १९८४ साली दिल्लीत शीखांची कत्तल झाली, तेव्हा जमावाकडे मतदारयाद्या आणि रेशन दुकानांच्या नोंदी होत्या, अशा साक्षी वाचलेल्यांनी दिल्या आहेत. मतदान करता यावे म्हणून यादी, स्वस्त धान्य मिळावे म्हणून नोंद. पुन्हा तेच. यादी ज्या कामासाठी केली त्याच कामापुरती ती राहत नाही.

आता यादी करायला कारकूनही लागत नाही. आपणच ती रोज भरून देतो. २०१८ साली केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण उघड झाले. फेसबुकवर स्वभावाची चाचणी घेणारे एक अॅप होते. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते फक्त ३३५ जणांनी घेतले, पण त्यांच्या मित्रयादीतून सुमारे ५,६२,००० भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. हा आकडा मी फळ्यावर लिहितो आणि मुलांना भागाकार करायला लावतो. एका माणसाच्या "करून तर बघू" मुळे सरासरी सोळाशेहून अधिक माणसे उघडी पडली, आणि त्यांना कुणी विचारलेही नाही. म्हणून "माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही" हे वाक्य मला अपुरे वाटते. तुमच्या फोनमध्ये फक्त तुम्ही नसता. तुमची बहीण असते, शेजारी असतात, तुमचे विद्यार्थी असतात.

जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये काय झाले ते या ब्लॉगच्या वाचकांना आठवत असेल. समाजमाध्यमांवरून मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन अॅप्स निघाली. त्यांची नावे मी इथे लिहिणार नाही, ती नावेच शिवी आहेत. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या, पकडलेल्यांत कॉलेजवयीन मुले-मुली होती. त्यानंतर आमच्याकडे अनेक घरांत एकच उपाय झाला, मुलींचे फोन काढून घेतले. मला तो उपाय चुकीचा वाटतो. चोरी झाली म्हणून आपण चोराला सोडून ज्याचे घर फुटले त्यालाच कोंडत नाही. मुलींना फोन वापरू द्यावा आणि कसा वापरायचा तेही शिकवावे. आणि मुलांना शिकवावे की दुसऱ्याचा फोटो ही आपली मालमत्ता नव्हे. या दुसऱ्या धड्याविषयी आपण फार कमी बोलतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण अॅमस्टरडॅमची नोंदवहीसुद्धा एका चांगल्या, कायद्याने चालणाऱ्या सरकारची होती. सरकार बदलले, कपाट तेच राहिले. म्हणून कायद्याइतकीच सवयही महत्त्वाची.

मी माझ्या सवयी बदलल्या, त्या सांगतो. ग्रुपवर यादी टाकत नाही, ज्याची माहिती त्यालाच स्वतंत्र संदेश पाठवतो. आधारची गरज असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत मागतो, ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते. काम झाले की फोनमधले कागदांचे फोटो पुसतो. वर्गाच्या कार्यक्रमाचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकत नाही. व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिनचे दुसरे कुलूप लावले आहे आणि ओटीपी सख्ख्या भावालाही सांगत नाही. कुणी फसवलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे वर्गाच्या भिंतीवर उर्दू आणि मराठी दोन्हींत लिहून ठेवले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, तक्ता आखताना प्रत्येक रकान्यापाशी थांबून स्वतःला विचारतो, हे मला खरोखर लागणार आहे का?

उर्दूच्या तासाला 'अमानत' हा शब्द येतो, तेव्हा मी मुलांना सांगतो की मराठीतला 'अनामत' हा त्याचाच भाऊ. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. ती वापरायची नाही, वाटायची नाही, मागेल तेव्हा जशीच्या तशी परत करायची. इतकी वर्षे मी हा अर्थ पैशांपुरता आणि दागिन्यांपुरता शिकवला. आता त्यात पत्ता आणि फोन नंबरही घालतो.

पंधरा दिवसांनी ती मुलगी शाळेत आली. तिची आई दारापर्यंत सोडायला आली होती. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाने दो सर, आपने जानबूझकर थोड़ी किया." मग हातातला कागद पुढे केला. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पत्ता हवा होता ना, म्हणून घडी घालून आणला होता. ग्रुपवर नाही, माझ्या हातात. मी तो अजून घडीसकट कुलपात ठेवला आहे.