यंत्राशेजारी बसलेला माणूस

संगणकाच्या आधाराने एकत्र येणाऱ्या समूहांचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक यंत्रापासून सुरुवात करतात. यंत्र कोणते, वेग किती, जोडणी कोणी केली, हे आधी येते. त्यावर कोणी काय लिहिले, हे नंतर, आणि पुष्कळदा येतच नाही. साहित्याच्या अभ्यासकाला त्यामुळे हा इतिहास परक्या विभागाचा वाटतो. आम्हालाही तो तसाच वाटत असे. अलीकडे घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने आम्हाला त्याकडे वळून पाहायला लावले. तो प्रसंग शेवटी सांगू. आधी पन्नास वर्षांपूर्वीची एक हकिकत.

ऑगस्ट १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली या विद्यापीठाच्या गावी, लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स नावाच्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात, एक टंकयंत्र मांडण्यात आले. दूरध्वनीच्या तारेने ते खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोठ्या संगणकाला जोडलेले होते. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापणारे हे यंत्र खडखडाट फार करी, म्हणून त्याच्याभोवती पुठ्ठ्याचे खोके बसवलेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही त्यावर मजकूर लिहावा, त्याला आपल्या पसंतीचे सूचक शब्द जोडावेत, आणि त्या शब्दांच्या आधारे इतरांचा मजकूर शोधावा, अशी व्यवस्था होती. आज्ञा मुख्यतः दोनच: ‘भर घाल’ आणि ‘शोध’. नाव देण्याची सक्ती नव्हती. या उपक्रमाचे नाव ‘कम्युनिटी मेमरी’, म्हणजे समाजाची स्मृती. ली फेल्सेनस्टाइन, एफ्रेम लिपकिन, मार्क श्पाकोव्स्की, ज्यूड मिल्होन ही त्यामागची प्रमुख मंडळी.

हे गाव बर्कली होते, याला महत्त्व आहे. १९६४ मध्ये याच विद्यापीठात भाषणस्वातंत्र्याची चळवळ झाली होती, आणि तिच्यात विद्यार्थ्यांनी नोंदणीची छिद्रांकित पत्रे आपल्या निषेधाचे चिन्ह बनवली होती. संगणक म्हणजे सैन्याचे, मोठ्या कंपन्यांचे आणि माणसाला क्रमांक समजणाऱ्या कचेरीचे यंत्र, ही भावना त्या पिढीत खोलवर रुजलेली होती. फेल्सेनस्टाइन स्वतः त्या चळवळीत होते. लोक यंत्रावर रागावतील, कदाचित तोडफोडही होईल, अशी धास्ती मांडणाऱ्यांच्या मनात होती. म्हणून त्यांनी यंत्राजवळ एक माणूस बसवला. दुकानात आलेल्याला ‘हे वापरून पाहता का?’ असे विचारावे, अडल्यास दाखवावे, हे त्याचे काम. आमच्या मते या हकिकतीतले मुख्य पात्र हा माणूसच आहे. पण त्याआधी फलकावर काय उमटले ते पाहू.

यंत्र दुकानातल्या वादकांच्या कागदी फलकाजवळ होते. ढोलवादक हवा, गायिकेला साथीदार हवेत, वाद्य विकणे आहे, अशा चिठ्ठ्या तेथे आधीपासूनच लागत. पोटापाण्यासाठी धडपडणाऱ्या या कलावंतांनी नवे यंत्र चटकन आपलेसे केले. कागदी चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवली की पहिली नाहीशी होते. येथे ती शोधणाऱ्याला सापडत असे. काम शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. घर, प्रवासाची सोबत, बुद्धिबळाचा जोडीदार यांच्या मागण्याही आल्या. कोणी कविता लिहून ठेवल्या. एकाने विचारले, या परिसरात चांगले ‘बेगल’ (मधोमध भोक असलेला, उकळून भाजलेला पाव) कोठे मिळतात? उत्तरांत दुकानांची नावे आली, आणि एकाने कळवले की अमुक माणसाला फोन करा, तो पूर्वी हेच काम करीत असे, तो तुम्हाला बेगल करायलाच शिकवील. विचारली होती दुकानाची वाट, आणि मिळाला शिकवणारा. माहितीचा साठा आणि समाज यांत अंतर काय, हे या एका उत्तरात दिसते.

साहित्याच्या वर्गात घ्यावा असा धागा यापुढे आहे. या फलकावर ‘डॉक्टर बेन्वे’ अशा सहीचा मजकूर दिसू लागला: तिरकस, कोड्यात बोलणारा, खट्याळ. बेन्वे हे विल्यम बरोज यांच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेकेड लंच’ या कादंबरीतील पात्र. अनामिक वाचकाने ते उचलले, त्याच्या तोंडी नवे बोलणे घातले, आणि बर्कलीचे लोक यंत्रावर ‘बेन्वे’ हा शब्द शोधून त्याचे नवे लेखन वाचू लागले. बरोज तेव्हा हयात होते. त्यांची परवानगी कोणी घेतली असण्याची शक्यता दिसत नाही. ही चोरी म्हणावी की वाचनाचा एक प्रकार? पात्र लेखकाचे की वाचकांचे? चाहत्यांच्या लेखनाविषयी पुढे जो वाद वाढला त्याची ही प्रश्नावली रेकॉर्डांच्या दुकानात तयार झालेली दिसते. २००७ साली अशा लेखकांनी स्वतःची संस्था काढली आणि २००९ पासून आपले ग्रंथभांडार सर्वांसाठी खुले केले. त्यांनी धरलेल्या प्रमुख तत्त्वांपैकी एक असे, की परक्या पात्रांवरील हे लेखन तेथे धंद्यासाठी आणायचे नाही. बेन्वेनेही काही विकले नव्हते.

टोपणनाव मराठी वाचकाला नवे नाही. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रातून ‘लोकहितवादी’ लिहीत होते; ‘ललित’ मासिकातला ‘ठणठणपाळ’ आमच्या पिढीने चवीने वाचला. परंतु तेथे टोपणनावामागे संपादक उभा असे. ‘प्रभाकर’चे भाऊ महाजन पत्रे छापण्याची जबाबदारी घेत. ‘कम्युनिटी मेमरी’त संपादक नव्हता. अशा ठिकाणी लेखनाची नीती कोणी सांभाळायची? लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. कारण दारातून आतच येऊ न शकलेल्या माणसाची आठवण या दोघांपैकी कोणीही ठेवत नाही.

येथे यंत्राशेजारचा माणूस पुन्हा आठवतो. त्याला मजकुरावर अधिकार नव्हता. त्याचे काम फक्त परक्याला आत आणण्याचे होते. ज्याला टंकलेखन येत नाही, ज्याला यंत्राचा राग आहे, जो आपले काम नव्हे म्हणून पुढे जाणार आहे, त्याच्यासाठी तो तेथे होता. त्याच गावात, त्याच सुमारास, याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली जात होती, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो. पोलिओने हालचाल गमावलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९७२ साली ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ ही संस्था स्थापन झाली. मदतनीस कोठे मिळेल, सोयीचे घर कोठे आहे, चाकाची खुर्ची कोण दुरुस्त करील, हे अपंग माणसे तेथे एकमेकांना सांगत. पदपथाच्या कडेला उतार करा, हा त्यांचा आग्रह. एप्रिल १९७७ मध्ये अपंगांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. रखडलेले समान संधीचे नियम त्याच महिन्यात मंजूर झाले. या दोन उपक्रमांचा परस्परांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण दार उघडे असणे आणि दारातून आत जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हींकडून शिकता येते.

पहिला प्रयोग जानेवारी १९७५ मध्ये थांबला. तो मोठा संगणक चालवणे परवडेनासे झाले होते. १९८४ मध्ये बर्कलीत तो पुन्हा सुरू झाला तेव्हा यंत्रांना नाणे टाकण्याची खाच होती. वाचणे फुकट, मजकूर घालायला पंचवीस सेंट, नव्या विषयाचे दालन उघडायला एक डॉलर. १९९२ मध्ये तोही संपला. वाचायला मोल नाही आणि बोलायला आहे, ही व्यवस्था योग्य की अयोग्य, यावर वर्गात चांगली चर्चा होते. बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागणे हा त्याचा लाभ. खिशात नाणे नसलेल्याला गप्प बसावे लागणे ही त्याची किंमत.

आता तो प्रसंग. आमच्या विभागाचा माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर समूह आहे. तासिका तत्त्वावरील जागा, नेट-सेटच्या तारखा, मुद्रितशोधनाची कामे, असे जे काही कळेल ते आम्ही तेथे टाकत असू. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे छायाचित्र काढले आणि पाठवले, की आमचे कर्तव्य संपले. गेल्या वर्षी एका दृष्टिहीन विद्यार्थिनीचा आमच्यापैकी एकीला फोन आला. एका जागेची मुदत टळून गेल्यावर तिला ती मैत्रिणीकडून कळली होती. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही पाठवता ते मला नुसतं ‘इमेज, इमेज’ असं ऐकू येतं. मला वाटायचं, सणाच्या शुभेच्छा असतील.” तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

मग लक्षात आले की आमच्या टिपणांचीही तीच गत आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरी आमच्या कितीतरी फाइली जुन्या टंकांत पडून होत्या. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण आतून ती रोमन अक्षरांची भेळ असते, आणि पडदा वाचून दाखवणारी प्रणाली ती भेळच वाचते. ज्या माध्यमाचे आम्ही ‘सर्वांना खुले’ म्हणून कौतुक करीत होतो, त्यात एक विद्यार्थिनी दोन वर्षे उंबऱ्याबाहेर उभी होती, आणि आम्हाला ती आत आहे असेच वाटत होते. ती जागा तिला मिळाली असती की नाही, हा प्रश्न वेगळा. अर्ज करण्याचा तिचा हक्क आमच्या सोयीने हिरावला, हे खरे.

आता जाहिरातीचा मजकूर टाइप करूनच टाकायचा, छायाचित्र हवेच तर सोबत, असा नियम आम्ही आपसात केला आहे. एका जाहिरातीला दहा मिनिटे लागतात. कंटाळा येतो, चुका होतात, आठवड्याची पाळी लावावी लागते. सध्या पाळीवरचा माणूस म्हणजे आमच्यापैकीच कोणीतरी. आणि त्या विद्यार्थिनीने स्वतःहून मजकूर तपासण्याचे काम घेतले आहे. आमच्या चुका ती फारशा दयामाया न दाखवता कळवते.