ऑस्ट्रेलिया आणि परदेशी विद्यार्थी : एका अलिखित कराराचा इतिहास

३ एप्रिल २०२०. करोनाची साथ जगभर पसरली होती आणि ऑस्ट्रेलियाच्या सीमा परकीयांसाठी दोन आठवड्यांपूर्वीच बंद झाल्या होत्या. त्या दिवशी पत्रकार परिषदेत बोलताना पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी देशातील परदेशी विद्यार्थ्यांचा विषय काढला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : येथे येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षाचा खर्च स्वतः भागवू शकतो, अशी हमी देऊनच येतो. ज्यांना आता आपला निर्वाह करता येत नाही, त्यांनी मायदेशी परतावे.

भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या सल्ल्याला फारसा अर्थ नव्हता. २२ मार्चपासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने उतरू देणे थांबवले होते. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. 'वंदे भारत' मोहिमेची उड्डाणे सुरू व्हायला ७ मे उजाडावा लागला. घरी जा, असे सांगितले गेले तेव्हा घरी जाण्याची वाटच बंद होती.

'जॉबकीपर' ही योजना चारच दिवस आधी, ३० मार्चला जाहीर झाली होती. साथीमुळे उत्पन्न घटलेल्या मालकांना दर कर्मचाऱ्यामागे पंधरवड्याला १,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर सरकार देणार होते. नागरिक, कायम रहिवासी आणि विशिष्ट व्हिसावरील न्यूझीलंडवासी यांनाच ती लागू होती. एकाच उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या दोघांपैकी एकाचा पगार सरकार भरणार आणि दुसऱ्याच्या हाती काहीच येणार नाही, ही स्थिती कायद्यानेच निर्माण झाली. कर मात्र दोघांच्याही पगारातून कापला जात होता.

ही विभागणी त्या आठवड्यात कोणाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. तिची मुळे शतकाहून अधिक जुनी आहेत.

१९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन अ‍ॅक्ट' संमत झाला. 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'चे धोरण म्हणतात ते हेच. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. त्यात होती श्रुतलेखनाची परीक्षा : अधिकाऱ्याने निवडलेल्या कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्द आगंतुकाने लिहून दाखवायचे. भाषा अधिकारीच निवडणार असल्याने नको असलेला माणूस हमखास नापास होई. १९३४ मध्ये एगॉन किश या बहुभाषी पत्रकाराला अडवण्यासाठी त्याची परीक्षा चक्क स्कॉटिश गेलिक भाषेत घेण्यात आली. उच्च न्यायालयाने पुढे ती रद्द ठरवली, हा भाग वेगळा. १९५८ पर्यंत ही परीक्षा कायद्यात होती.

या भिंतीला एक छोटे दार होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. १९०४ मध्ये भारतातील व्यापारी, प्रवासी आणि विद्यार्थी यांना पासपोर्ट असल्यास या परीक्षेतून सूट देण्याचे ठरले. मात्र मुक्काम तात्पुरता असावा, ही अट होती. वसाहत करू पाहणारा आशियाई माणूस नको. शिकून परत जाणारा चालेल. 'विद्यार्थी म्हणजे जाणारा माणूस' हे ऑस्ट्रेलियन कायद्यातील गृहीतक तेव्हापासूनचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दाराचा उपयोग परराष्ट्र धोरणासाठी होऊ लागला. जानेवारी १९५० मध्ये कोलंबो येथे राष्ट्रकुलाच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद भरली. चीनमध्ये साम्यवादी सत्ता येऊन तीनच महिने झाले होते. त्या परिषदेतून आणि ऑस्ट्रेलियाचे मंत्री पर्सी स्पेंडर यांच्या पुढाकारातून कोलंबो योजना आकाराला आली. आशियातील तरुणांना शिष्यवृत्तीवर बोलवायचे, अभियंते, डॉक्टर, शिक्षक म्हणून घडवायचे आणि परत पाठवायचे. १९८० च्या दशकापर्यंत सुमारे २०,००० विद्यार्थी या मार्गाने ऑस्ट्रेलियात येऊन गेले. स्वतःच्या खर्चाने येणारे याहून कितीतरी अधिक होते. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो कोलंबोचा विद्यार्थी : ऑस्ट्रेलियन कुटुंबांत राहणारा, रविवारच्या जेवणाला बोलावला जाणारा. 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'वरचा लोकांचा विश्वास डळमळीत करण्यात या पाहुण्यांचा वाटा मोठा होता, असे अनेक इतिहासकार मानतात. तरीही तो पाहुणाच होता. पदवी मिळाली की परतणे बंधनकारक होते.

वर्णाधारित धोरण १९६६ मध्ये सैल झाले आणि १९७३ मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या सरकारने ते औपचारिकरीत्या संपवले. त्याच सरकारने १९७४ पासून विद्यापीठांतील शिक्षण शुल्कही रद्द केले. हा उदारपणा फार काळ टिकला नाही. १९८० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर स्वतंत्र आकार बसवण्यात आला.

निर्णायक वळण आले ते १९८४-८५ मध्ये. परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर १९८४ मध्ये दोन समित्यांचे अहवाल आले आणि ते परस्परविरोधी होते. गोल्डरिंग समितीने अनुदानाची पद्धत चालू ठेवण्याचा सल्ला दिला. परकीय मदतीचा आढावा घेणाऱ्या जॅक्सन समितीने शिक्षणाकडे निर्यात उद्योग म्हणून पाहावे, असे सुचवले. बॉब हॉक यांच्या सरकारने १९८५ मध्ये पूर्ण शुल्क घेऊन विद्यार्थी आणण्याची मुभा संस्थांना दिली. १९९० पासून नव्याने येणाऱ्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला, शिष्यवृत्ती नसेल तर, पूर्ण शुल्क भरणे भाग पडले. पाहुण्याचे गिऱ्हाईक झाले, आणि गिऱ्हाईक काय विकत घेते हा प्रश्न त्याच्यासोबतच आला.

त्याचे एक उत्तर अनपेक्षितपणे बीजिंगमधून आले. जून १९८९ मध्ये तिआनानमेन चौकात हत्याकांड झाले तेव्हा हजारो चिनी विद्यार्थी ऑस्ट्रेलियात होते. बरेचसे इंग्रजीच्या अल्पमुदतीच्या वर्गांना आलेले. शोकसभेत बोलताना हॉक यांना अश्रू आवरले नाहीत आणि या विद्यार्थ्यांना परत पाठवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. आधी तात्पुरते परवाने मिळाले, १९९३ मध्ये कायम वास्तव्याचा मार्ग खुला झाला. कुटुंबीयांसह सुमारे ४२,००० चिनी नागरिक अशा रीतीने तेथे स्थायिक झाले, असे सांगितले जाते. तात्पुरता दिलासा कायम हक्कात बदलल्याचे इतके मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी-इतिहासात दुसरे नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने अपवादाचा नियम केला. कुशल स्थलांतरितांची निवड गुणांकन पद्धतीने होत असे : वय, इंग्रजी, व्यवसाय, अनुभव यांना गुण. त्यात ऑस्ट्रेलियन पदवीसाठी वेगळे गुण देण्यात आले, आणि २००१ पासून शिक्षण संपवलेल्या विद्यार्थ्याला देश न सोडता कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येऊ लागला. युक्तिवाद बिनतोड होता. येथील पदवी घेतलेला, येथील भाषा आणि रीतिरिवाज ओळखणारा तरुण बाहेरून आणलेल्या तंत्रज्ञापेक्षा लवकर रुळेल. शिवाय त्याच्या शिक्षणाचा खर्च त्यानेच केलेला असेल. विद्यार्थ्यांच्या बोलीत या साऱ्याचे नाव दोन अक्षरी झाले : 'पीआर'.

मागणी असलेल्या व्यवसायांची एक यादी सरकार प्रसिद्ध करी. त्या यादीतील व्यवसायाला जादा गुण मिळत. यादीत संगणकतज्ज्ञ, परिचारिका, लेखापाल होते. पुढे स्वयंपाकी आणि केशकर्तनकारही आले. परिणाम व्हायचा तोच झाला. मेलबर्न आणि सिडनीच्या मध्यवस्तीत पाककला आणि केशभूषा शिकवणाऱ्या खासगी संस्था भराभर उघडल्या. पंजाब, गुजरात, आंध्र प्रदेशातील एजंट अभ्यासक्रम विकण्याऐवजी थेट वास्तव्य विकू लागले. कारागिरीच्या व्यवसायांसाठी ९०० तासांच्या अनुभवाची अट आली, तेव्हा काहींनी ते तास फुकट राबून भरले, आणि खोटी प्रमाणपत्रे विकण्याचे प्रकारही उघडकीस आले. २००९ मध्ये भारतीय विद्यार्थ्यांचे प्रवेश १,२०,००० च्या घरात गेले होते.

यात लबाडी होती, हे खरे. पण दोष एकट्या विद्यार्थ्याच्या पदरात टाकणे अन्यायाचे होईल. यादी सरकारची होती, संस्थांना मान्यता सरकारनेच दिली होती, आणि शुल्काचे आकडे निर्यातीच्या खात्यावर अभिमानाने दाखवले जात होते. घरदार गहाण टाकून आलेल्या मुलाने सरकारी यादी वाचून अभ्यासक्रम निवडला, तर त्याने नियम मोडला असे म्हणता येत नाही.

आठवड्याला केवळ २० तास काम करण्याची मुभा असलेली ही मुले टॅक्सी चालवत, पेट्रोल पंप आणि दुकाने रात्री सांभाळत, उशिराच्या गाडीने दूरच्या उपनगरात परतत. एप्रिल २००८ मध्ये एका भारतीय विद्यार्थी-टॅक्सीचालकावर चाकूहल्ला झाला, तेव्हा चालकांनी मेलबर्नमधील फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोरचा चौक रोखून धरला. ३१ मे २००९ रोजी त्याच चौकात भारतीय विद्यार्थ्यांनी पुन्हा ठिय्या दिला. अमिताभ बच्चन यांनी क्वीन्सलँडमधील विद्यापीठाची मानद डॉक्टरेट नाकारल्याची बातमी महाराष्ट्रातही अनेकांच्या लक्षात असेल. चर्चा वंशद्वेषाच्या प्रश्नावर रंगली. ही मुले रात्री-अपरात्री एकटी, असुरक्षित कामांवर का होती, हा प्रश्न बराचसा मागे पडला.

८ फेब्रुवारी २०१० रोजी स्थलांतरमंत्री क्रिस इव्हान्स यांनी ती यादी रद्द केली. जुलैपासून १८१ व्यवसायांची नवी यादी आली. स्वयंपाकी आणि केशकर्तनकार तिच्यात नव्हते. देशाबाहेरून आलेले सुमारे २०,००० जुने अर्ज शुल्क परत करून निकाली काढण्यात आले. देशात असलेल्यांसाठी संक्रमणकाळाची सोय झाली, पण अग्रक्रमाच्या तळाशी गेलेले अनेक अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले. दरम्यान काही खासगी संस्था बुडाल्या आणि विद्यार्थी वर्गाच्या कुलूपबंद दारासमोर उभे राहिले. त्यातून निघालेली एक गोष्ट मात्र टिकाऊ ठरली : संस्था बंद पडल्यास पर्यायी प्रवेश किंवा शुल्काचा परतावा देणारी संरक्षण योजना २०१२ मध्ये सुरू झाली.

विद्यार्थीसंख्या घसरू लागताच धोरण पुन्हा वळले. २०१३ पासून पदवीनंतर दोन ते चार वर्षे काम करण्याचा व्हिसा मिळू लागला. कायम वास्तव्याचे आश्वासन त्यात नव्हते, आशा तेवढी होती. करोनापूर्वी आंतरराष्ट्रीय शिक्षण ही लोहखनिज, कोळसा आणि नैसर्गिक वायू यांच्यानंतरची ऑस्ट्रेलियाची सर्वांत मोठी निर्यात गणली जात होती.

आता पुन्हा एप्रिल २०२०. केंद्र सरकारने दिलेली ठोस सवलत एकच होती : वर्षाहून अधिक काळ देशात असलेल्या अडचणीतील विद्यार्थ्याला निवृत्तिवेतनाच्या खात्यातून १०,००० डॉलरपर्यंत काढता येतील. म्हणजे स्वतःचीच साठवण. शिवाय रुग्णसेवा, वृद्धसेवा, सुपरमार्केट अशा ठिकाणी ४० तासांची मर्यादा सैल करण्यात आली. जेथे हात कमी पडत होते, तेथे विद्यार्थी चालत होता.

पोकळी भरली ती राज्यांनी. व्हिक्टोरियाने ४.५ कोटी डॉलरचा निधी उभारून विद्यार्थ्याला १,१०० डॉलरपर्यंत एकरकमी मदत दिली. न्यू साउथ वेल्सने तात्पुरत्या निवासासाठी २ कोटी डॉलर ठेवले, साउथ ऑस्ट्रेलियाने १.३८ कोटी. विद्यापीठांनी आपापले निधी काढले. मेलबर्न शहराने क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये भाजीपाला घेता यावा म्हणून २०० डॉलरची कुपने वाटली. गुरुद्वारे, मंदिरे आणि स्वयंसेवी मंडळांनी शिधा पोहोचवला.

दुसरा मार्ग अशक्य नव्हता. कॅनडाने आपली आपत्कालीन मदत, चार आठवड्यांना २,००० कॅनेडियन डॉलर, परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली ठेवली होती. आदल्या वर्षी किमान ५,००० डॉलर कमाई आणि साथीमुळे काम गेलेले असणे, एवढेच पाहिले जाई. निकष कामाचा होता, पारपत्राच्या रंगाचा नव्हता.

ऑस्ट्रेलियाने विद्यार्थ्यांसाठी दार पुन्हा उघडले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी. महिनाभरात कामगारांचा तुटवडा इतका झाला की मॉरिसन यांनीच आठ आठवड्यांच्या आत येणाऱ्या विद्यार्थ्याला ६३० डॉलरचे व्हिसा शुल्क परत देण्याची घोषणा केली आणि कामाच्या तासांवरील मर्यादाच उठवली. ती जुलै २०२३ मध्ये ४८ तासांवर परत आली. पुढच्या वर्षीच्या जुलैपासून, घरटंचाईच्या वादात, नव्या सरकारने तेच व्हिसा शुल्क १,६०० डॉलर केले.