पदर खोचून मैदानात

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी विषय निवडला तो व्यायामाचा. कारण सरळ आहे. गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणाऱ्या सभासदांची संख्या आपल्या मंडळात वर्षागणिक वाढते आहे, आणि “व्यायाम हा पैसेवाल्यांचा छंद, आपल्याला तो कुठून परवडणार?” हे वाक्य मी दर सभेला ऐकते. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजी मातंग समाजातले. ज्या काळी त्या समाजाच्या माणसाची सावलीही लोक टाळीत, त्या काळी जोतीराव फुल्यांसारखे तरुण त्यांच्या हाताखाली शिकले. तांबडी माती आणि जाणता वस्ताद, एवढेच त्या तालमीचे भांडवल. परंतु तालमीचा उंबरा बायकांनी ओलांडायचा नाही, हा रिवाज तेव्हा सगळीकडचाच होता. बायकांच्या वाट्याला दळणकांडण, पाणी, आणि सणावारी फुगडी-झिम्मा.

हा रिवाज मोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला तो औंध संस्थानात. संस्थान लहान, अवघ्या बहात्तर गावांचे. त्यात आटपाडीसारखी दुष्काळाने गांजलेली गावे. तेथील राजे भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांना सूर्यनमस्कारांचा ध्यास. त्यांनी ते शाळांत सुरू केले, आणि केवळ मुलांसाठी नव्हे, मुलींसाठीही. सतरंजीएवढी जागा आणि पहाटेची वेळ, याखेरीज त्याला काही लागत नव्हते. राणीसाहेब स्वतः नमस्कार घालीत असल्यामुळे “बाईमाणसाला हे शोभत नाही” म्हणणाऱ्यांची तोंडे आपोआप बंद झाली. वडीलधाऱ्या बाईने आधी करून दाखवावे, मग पोरीबाळी करतात, हा त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो.

दुसरा प्रयत्न खो-खोने केला. १९१४ साली पुण्यात या खेळाचे नियम प्रथम लिहून काढण्यात आले. १९५९-६० साली विजयवाड्यास पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांच्याही स्पर्धा सुरू झाल्या. खेळाचा खर्च पाहावा तर दोन खांब आणि फक्कीच्या रेघा. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद जागा मिळाली की आठ जणी बसतात, नववी पाठलाग करते. मीही शाळेत खेळले आहे. एकदा मोठी झाल्यावर घरून मनाई आली आणि माझे मैदान सुटले. माझ्या पिढीतल्या किती तरी जणींची हीच कथा आहे.

पुढच्या पिढीतल्या काही मुलींनी ते सोडले नाही. उस्मानाबादच्या (२०२३ पासून धाराशिव) सारिका काळे यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या भारताच्या खो-खो संघाच्या कर्णधार झाल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर आधी खो-खोच खेळत. पुढे त्या धावू लागल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक पटकावले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. यांतील एकीच्याही यशाचा आरंभ महागड्या व्यायामशाळेत झालेला नाही.

परंतु पदके मिळवणाऱ्या मूठभर, बाकीच्या आपण. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीनुसार २०२२ साली भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना पुरेशी शारीरिक हालचाल घडत नव्हती; पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे दिवसाला बावीस मिनिटेही नाहीत.

यावर कोणी विचारील, घरकाम हा व्यायाम नव्हे काय? भराभर चालणे, जोराने झाडणे-पुसणे हिशेबात धरले जाते, हे खरे. पण पाटा, जाते आणि विहीर गेली, ते बरेच झाले. त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. आणि आपल्या वस्तीत ज्या भगिनी चार घरची भांडी घासतात किंवा दिवसभर शिलाईयंत्रावर बसतात, त्यांचे अंग कामाने दुखते, मोकळे होत नाही. त्यांना बावीस मिनिटे सांगणे सोपे. ती मिळवून देणे हे मंडळाचे काम.

बाईच्या व्यायामाच्या आड पैशापेक्षा अधिक येते ती वेळ, जागा आणि मुभा, असे या इतिहासावरून मला दिसते. वस्तीमागचे मैदान दिवसेंदिवस मोटारींनी भरत चालले आहे. ते सकाळी एक तास बायकांसाठी मोकळे राहील, असे मंडळाने अर्ज करून मागून घ्यावे. लहान मुले पाळीपाळीने सांभाळावीत. साडी असो की पंजाबी ड्रेस, कोणी कोणाला हसू नये. ज्यांना धावणे जमत नाही त्यांनी चालावे. सुना-लेकींच्या आधी आपण सासवांनी यावे. फक्कीचा खर्च पहिल्या वर्षी मी देईन; खांब कोण देणार, ते येत्या सभेत ठरवू या.