मुक्या रोग्यांचे वैद्य

गाय अडली किंवा बैलाला घटसर्प झाला, की आपण गुरांच्या डॉक्टरला बोलावणे धाडतो. पण गुरांवर इलाज करण्यासाठी माणसाने कॉलेजात जाऊन शिकले पाहिजे, हा विचार तसा अलीकडचाच. आपल्याकडे अश्ववैद्यकात शालिहोत्राचे नाव फार प्राचीन. घोड्यांच्या वैद्याला साळोत्री म्हणत, ते त्यावरूनच. परंतु ही विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जाई. युरोपातही तीच तऱ्हा. तेथे नाल ठोकणारा हाच घोड्याचा वैद्य.

मग अठराव्या शतकात युरोपभर बुळकांडीच्या साथी आल्या आणि लक्षावधी गुरे मेली. गोठा ओस पडला म्हणजे काय होते, हे शेतकरी मंडळींना मी काय सांगावे? नांगर थांबतो, दूध जाते, खत जाते. नालबंदाच्या अनुभवाने ही साथ आवरेना. तेव्हा फ्रान्समधील लिआँ शहरी घोडेस्वारीची शाळा चालवणाऱ्या क्लोद बूर्जला यांनी राजाकडून परवानगी मिळवली, ती ऑगस्ट १७६१ मध्ये. पुढच्याच वर्षी जगातील पहिली पशुवैद्यक शाळा उघडली. तेथे मुले मेलेले जनावर चिरून आतली रचना पाहत, औषधी वनस्पती ओळखत, नाल ठोकण्याचे कामही शिकत. साथीच्या गावी विद्यार्थी पाठवले जात. हे पाहून इतर देशांनीही आपली मुले तिकडे धाडली. १७७३ साली कोपनहेगनला आणि १७९१ साली लंडनला अशाच शाळा निघाल्या.

आपल्या देशात हे शिक्षण आले ते फौजेच्या घोड्यांमागून. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. शेतकऱ्याच्या बैलाची पाळी त्यानंतरची. १८८२ साली लाहोरला, तर १८८६ साली मुंबईस परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या जोडीने कॉलेज सुरू झाले. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच निघाली आणि पुढे १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तेथे बुळकांडीवरची लस तयार होऊ लागली.

आज हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यांतले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवे, शिवाय ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत. पदवी घेतली तरी नोंदणी झाल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. १९८४ च्या कायद्याने तसे ठरवले आहे.

एवढी वर्षे कशाला, असे कोणी विचारील. अहो, रोगी मुका! कुठे दुखते ते तो सांगत नाही. डोळा, शेण, रवंथ, चाल यांवरून ताडावे लागते. त्यातून गाईच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याचे पोट एकच, कोंबडीची तर निराळीच घडण. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग माणसालाही होतो आणि काही रोग कच्च्या दुधावाटे घरात शिरतात. म्हणजे गोठा राखणारा डॉक्टर आपले घरही राखतो.

या शिक्षणाचे फळ काय मिळाले? आपल्या देशाने १९५४ साली बुळकांडी-निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. गावोगाव लस टोचली गेली. अखेर २०११ साली सारे जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. ज्या साथीपायी पहिली शाळा निघाली, ती साथच उरली नाही!

शिक्षकबंधूंनो, तुमच्या वर्गात गुरांमागे वाढलेली मुले-मुली असतील. गाय आजारी पडणार हे त्यांना तिच्या कानावरून कळते. ही अर्धी विद्या त्यांच्याजवळ आहेच. उरलेली अर्धी कोठे मिळते, ते त्यांना वेळेवर सांगा.